पॅरागस, इथवरच

ओळख तपासायला पाठवलेल्या माशीच्या फोटोवर सरांचं एका ओळीत उत्तर आलं. ‘पॅरागस, इथवरच.’ म्हणजे ओळख जीनसपर्यंतच, पुढे नाही. मी चांगलं स्पीशिजपर्यंत, नेमक्या प्रजातीपर्यंत, नाव लिहून पाठवलं होतं. सकाळपासून त्या ‘इथवरच’नं डोकं खाल्लंय.

वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिरीवरची माशी, होव्हरफ्लाय म्हणतात त्यातली, जेमतेम 5 मिलिमीटर. फोटो अगदी वरून, फोकस चोख, पोटाचा तांबूस रंगही आलेला. आणखी काय हवं माणसाला?

पण मोठा करून बघावं तर एकेक गोष्ट गायब. छातीच्या मागे ढालीसारखं स्क्युटेलम असतं. त्याची मागची कड दातेरी की गुळगुळीत, यावर निदान सबजीनस, म्हणजे जीनसमधला उपगट, तरी ठरतं. ती कड नेमकी मिटलेल्या पंखांच्या चकाकीत गेलीय. दातेरी कडवाल्यांच्या डोळ्यांवर लव पट्ट्यापट्ट्यांनी असते. तिथे माझ्या फ्लॅशचा पांढरा डाग. फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूझर बॅगेतच होता. पाच मिनिटांचा आळस, दुसरं काय!

इथवरच म्हणे. चवळीवरच्या माव्याभोवती घिरट्या घालणारी एपिसिर्फस बाल्टिएटस असती, तर वरून काढलेला एक फोटो पुरला असता: पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावर एक जाड आणि एक बारीक काळा पट्टा, मिशी कोरल्यासारखा. कोश थंडीत पोसला तर पट्टे रुंदावतात, म्हणून रंगावर जायचं नाही, मांडणी बघायची. इस्किओडॉन या दुसऱ्या होव्हरफ्लायचं तसं नाही. त्यातल्या नराच्या मागच्या पायाच्या बुडाशी काटा असतो आणि तो बाजूनं काढलेल्या फोटोतच सापडतो.

म्हणजे आधी लांबून वरचा एक फोटो घ्यायचा, उडाली तर तेवढा तरी हाती. मग बाजूचा, मग समोरून तोंडाचा. शटर 1/500 सेकंदापेक्षा हळू नाही, फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, नाहीतर पिवळा रंग जळतो. ऊन चढायच्या आत, माशीचं अंग जड असतं तोवर. हे सगळं मला पाठ आहे, हीच तर चीड आहे.

दुपारी परत फोटो उघडला आणि पहिल्यांदाच डोळ्यांच्या मधे बघितलं. नराचे डोळे टाळूवर एकमेकांना टेकतात. इथे मधे सरळ फट. मादी! पॅरागसची स्पीशिज बहुतेकदा नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरते. डिफ्यूझर लावला असता, दाते मोजले असते, चारी बाजूंनी फोटो काढले असते, तरी ही बाई इथवरच आली असती. दिवसभर मी उगाच फ्लॅशला शिव्या घातल्या.

फाइलीचं नाव बदललं: पॅरागस, मादी, तुळस. आई उद्या मंजिऱ्या खुडणार होती. तिला म्हटलंय, आठवडाभर राहू देत.