खेकड्याचा भाऊ ल्युसर्नमध्ये भेटला

मुलगी झ्युरिकला असते. यंदा तिच्याकडे गेलो तेव्हा टायटलिसचा बर्फाळ डोंगर, चॉकलेटचा कारखाना आणि पुलावरचे फोटो हे सगळं बायकोच्या यादीत होतं. माझ्या यादीत एकच गाव होतं, ल्युसर्न, आणि तिथे दोन दिवस हवे होते. तिथल्या जुन्या आगबोटी, डोंगरी रेल्वे आणि इंजिनं बघायची होती. हे कारण सांगितल्यावर लेक म्हणाली, "बाबा, लोक इथे बर्फ बघायला येतात, तुम्ही भंगार बघायला आलात."

भंगार म्हणा हवं तर. पण तिथलं भंगार अजून चालतं.

पहिल्या दिवशी माझीच चूक झाली, ती तुम्ही करू नका. झ्युरिकहून रेल्वेने पाऊण-एक तासात ल्युसर्न. स्टेशनच्या दारातून बाहेर आलात की समोर तळं आणि बोटींचे धक्के. पहिली दिसली ती बोट पकडली. स्वच्छ, पांढरी, आणि डिझेलची! या तळ्यावर चाकांच्या पाच जुन्या आगबोटी आहेत: उरी (1901), उंटरवाल्डेन (1902), शिलर (1906), गालिया (1913) आणि श्टाट लुत्सेर्न (1928). बाकीच्या साध्या मोटरबोटी. आगबोटी मुख्यतः उन्हाळ्याच्या मोसमात धावतात आणि रोज त्याच फेरीला त्याच असतील असं नाही. वेळापत्रकात आगबोटीच्या फेरीपुढे वेगळी खूण असते, ती बघूनच निघा. आम्ही पुढच्या धक्क्यावर उतरून तासभर बाकावर चिवडा खात बसलो. मग धुराड्यातून वाफ सोडत उरी आली.

बोटीत शिरल्यावर सगळे वरच्या डेकवर पळतात. तिथे पहिल्या वर्गाचं तिकीट लागतं. पळू द्या त्यांना. तुम्ही बोटीच्या मधोमध या. तिथे जमिनीतच मोठा चौकोनी खड्डा आहे, भोवती कठडा, आणि खाली अख्खं इंजिन उघडं. तिरपी सिलिंडरं, माणसाच्या मांडीएवढे जाड चकचकीत दांडे आणि त्यांनी फिरणारा आस, ज्याच्या दोन टोकांना बाहेर वल्ह्यांची चाकं. आवाज फारसा नाही, हे पहिलं आश्चर्य. एक दीर्घ उसासा, मग दुसरा, आणि गरम तेलाचा वास. आता कोळसा नाही, बॉयलर तेलावर चालतो, त्यामुळे कपडे काळे होण्याची भीती नाही.

खाली एक माणूस तेलाची झारी घेऊन उभा होता. दांडा फिरून वर आला की त्याच लयीत तो बेअरिंगला तळवा टेकवायचा आणि काढून घ्यायचा. ताप बघत होता. माझे वडील कल्याणच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. घरी पाहुण्याच्या मुलाचं कपाळ बघायचे तेसुद्धा अस्सेच, तळवा टेकवून लगेच काढून घ्यायचे. मी त्या कठड्याशी फिट्स्नाऊचा धक्का येईपर्यंत उभा होतो. डोंगर बायकोने बघितले.

फिट्स्नाऊला धक्क्यासमोरच रिगी डोंगरावर जाणारी गाडी लागते. 21 मे 1871 ला सुरू झालेली ही युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगरी रेल्वे. दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखी तिसरी पट्टी, तिच्या पायऱ्यांत गाडीखालचं दातेरी चाक अडकतं आणि गाडी चढते. आपल्याला चढ कळावा म्हणून सांगतो: बोरघाटात सदतीसला एक (म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट चढ), निलगिरीच्या गाडीला बाराला एक, रिगीला चाराला एक. ही शिडी निक्लाउस रिगेनबाख या इंजिनिअरची. निलगिरीला जी पद्धत आहे ती रोमान आप्टची, आणि आप्ट हा रिगेनबाखच्याच हाताखाली शिकलेला. म्हणजे कुन्नूरच्या गाडीचं आजोळ हेच.

या रेल्वेची एक गंमत आहे. फिट्स्नाऊवाल्यांना ल्युसर्न प्रांताने परवाना दिला तो प्रांताच्या हद्दीपर्यंत, श्टाफेलह्योहेपर्यंत. माथा श्वित्स प्रांतात. तिथले हक्क पलीकडच्या आर्ट गावच्या कंपनीने मिळवले, वरचा तुकडा बांधला आणि तो फिट्स्नाऊवाल्यांना भाड्याने वापरायला दिला! पुढे आर्टकडून स्वतःची गाडीही आली. एकाच डोंगरावर दोन कंपन्यांची ही भाऊबंदकी 1992 मध्ये एकत्रीकरण होईपर्यंत टिकली. फिट्स्नाऊची गाडी लाल, आर्टची निळी, हे रंग अजून ओळखीचे आहेत.

अर्ध्या तासात रिगी कुल्म, म्हणजे माथा. उंची 1798 मीटर, पण गाडी माथ्याच्या थोडी खाली थांबते, शेवटचा चढ पायी. आम्हाला वर धुकं मिळालं, दहा फुटांपलीकडचं काही दिसेना. निघण्याआधी माथ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर बघायला हवं होतं, तुम्ही बघा. आणि आलात त्याच वाटेने परतू नका: निळ्या गाडीने आर्ट-गोल्डाऊला उतरा, तिथून साधी रेल्वे ल्युसर्नला आणते. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोट, दोन्ही डोंगरी गाड्या आणि ही रेल्वे, सगळं त्यात येतं. पास घेताना फार विचार करत बसू नका. या एका दिवसातच त्याच्या किमतीचा मोठा वाटा वसूल होतो.

दुसरा दिवस फेर्केअर्सहाउस, म्हणजे वाहतूक संग्रहालय. 1959 पासूनचं. ल्युसर्नहून लोकलचं पुढचं स्टेशन त्याच्याच नावाचं आहे. बोटीचा धक्काही जवळ आहे. वर्षभर रोज सकाळी दहाला उघडतं. तिकीट तीस फ्रँकच्या वर, पासवर सवलत मिळते. तारांगण, मोठ्या पडद्याचा सिनेमा आणि चॉकलेटची सफर यांचे पैसे वेगळे, ते वगळलेत तरी दिवस पुरत नाही.

मोटारींच्या इमारतीच्या भिंती रस्त्यावरच्या खऱ्या पाट्यांनी मढवल्या आहेत. आत जुन्या गाड्या फडताळात ठेवल्यासारख्या मजल्यांवर रचलेल्या, प्रेक्षकांनी बहुमताने निवडलेली गाडी यंत्र खाली आणून देतं. पोरं यातच रमतात. अंगणात 1848 ची 'रिगी' आगबोट जमिनीवर उभी आहे आणि झाक पिकार या संशोधकाची 1964 ची प्रवासी पाणबुडीही. लोझानच्या प्रदर्शनात तिने लोकांना जिनिव्हाच्या तळ्याच्या तळाशी नेलं होतं. विमानांकडे मी नुसतं हात हलवून पुढे गेलो.

कारण पुढे रेल्वेच्या दालनात ती होती. दोन्ही बाजूंना लांब नाकं, मध्ये चालकाची खोली, मध्ये सांधे असल्याने वळणावर वाकणारं धूड, आणि विजेचं असूनही चाकांना जोडणारे वाफेच्या इंजिनासारखे दांडे. आल्प्समधल्या गोटहार्डच्या घाटात मालगाड्या ओढायला 1919 पासून बांधलेली 'क्रोकोडिल', मगर. मी बायकोला म्हटलं, "अगं, हा तर खेकडा!"

मुंबई-पुणे मार्गावर वीज आली तेव्हा जीआयपीने (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीने) घाटासाठी आणलेली ईएफ-1 इंजिनं, पुढे डब्ल्यूसीजी-1, रचनेने याच मगरीची भावंडं. आराखडा स्वित्झर्लंडमधल्याच विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याचा, विजेची यंत्रं मेट्रोपॉलिटन-विकर्स या ब्रिटिश कंपनीची. आपल्या कामगारांनी त्याचं नाव खेकडा ठेवलं. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करायचं. बोरघाटातलं काम संपल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही इंजिनं यार्डात डबे ढकलत होती. वडील रात्रपाळीहून आले की म्हणायचे, "आज खेकडा रडत होता रे."

रखवालदाराला मी मोबाइलवर आपल्या खेकड्याचा फोटो दाखवला. त्याने चष्मा वर केला, फोटो मोठा केला, मगरीकडे बघितलं, परत फोटोकडे, आणि हसून स्वतःच्या मोबाइलने माझ्या मोबाइलच्या पडद्याचाच फोटो काढून घेतला.

जाणार असाल तर खाणं बरोबर न्या, आतलं महाग पडतं. स्टेशनातल्या लॉकरमध्ये बॅगा टाका, पाण्याची बाटली गावातल्या कारंज्यांवर भरा. आणि विमानात बसण्याआधी एकदा सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत जाऊन आपला खेकडा बघा, त्याच्या पाटीवर 'सर लेस्ली विल्सन' लिहिलेलं आहे. फोटो मात्र बाजूने काढा, दांडे दिसले पाहिजेत.