मामा, निघालात का?

ओट्याखालच्या मांडणीसाठी मी सुतारमामांना पाच हजार रुपये आगाऊ दिले ते गणपतीच्या आधी. दिवाळीच्या फराळाचे डबे त्यात बसायला हवे होते. फराळ झाला, संपला, डबे घासून पालथे पडले, तरी ओट्याखाली भिंतच दिसत होती.

मग मी रोज सकाळी साडेनऊला फोन करायला लागले. "मामा, निघालात का?" "निघालोच ताई, गाडीवर बसलोय." मागून करवतीचा आवाज. गाडीवर करवत चालत नाही एवढं मलाही कळतं, पण आगाऊ पैसे त्यांच्याकडे, तेव्हा बोलायचं जपूनच.

माझ्या लेखी हा पाठपुरावा होता. शब्द कसा खादीचा सदरा घातल्यासारखा आहे. सरकारी पत्रातसुद्धा 'आपल्या स्तरावरून पाठपुरावा करण्यात यावा' असंच असतं. माझा गैरसमज दूर केला तो आमच्या वॉचमनकाकांनी. मामांचं काम आमच्याच बी विंगमध्ये चाललं होतं आणि चहा पिताना ते म्हणाले होते, "तिसऱ्या मजल्यावरच्या ताई हात धुऊन मागं लागल्यात."

हात धुऊनच का, कोण जाणे. मला वाटतं, जेवण उरकलं, हात धुतले, आता दुसरं काही काम नाही, तेव्हा चला तुमच्या मागे, असं असावं. माझं जेवण व्हायचं होतं, ही गोष्ट वेगळी.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला. एकच काम, पण करणारा बदलला की आपण त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारतो. मी करते तो पाठपुरावा. तेच नवऱ्यानं केलं की भुणभुण. लेकीला कुत्र्याचं पिल्लू हवंय, ते टुमणं. सासूबाई म्हणतात, 'एकदा गावी जाऊन येऊ', तो धोशा. हप्त्यासाठी फोन येतात तो तगादा. हा फारसीतल्या 'तकाजा'वरून आला आणि सावकारीत इतका मुरला की आता परका वाटत नाही. पाठीमागे लागणाऱ्याला आपलं नाव स्वतः ठरवता येत नाही. ते पुढे पळणारा ठरवतो.

त्यात 'पुरवणं' हे क्रियापद मोठं गमतीचं. लाड पुरवायचे, हट्ट पुरवायचा आणि पिच्छाही पुरवायचा. जणू समोरच्याला पिच्छ्याचीच टंचाई होती आणि आपण ती भागवली.

सगळ्यांत वजनदार शब्द मात्र ससेमिरा. लहानपणी मला वाटायचं, ससा आणि मिरी यांचं त्यात काहीतरी असणार. निघाली सिंहासनबत्तिशीतली गोष्ट. वाघाच्या भीतीनं एक राजपुत्र झाडावर चढतो. वर अस्वल बसलेलं. ते त्याला अभय देतं. राजपुत्र झोपल्यावर खालून वाघ म्हणतो, ढकल त्याला. अस्वल ऐकत नाही. मग अस्वलाची झोपायची पाळी येते आणि वाघाच्या सांगण्यावरून राजपुत्र खुशाल त्याला ढकलतो. अस्वल फांदीला धरून वाचतं आणि शाप देतं. राजपुत्र वेडा होऊन 'ससेमिरा, ससेमिरा' एवढंच बडबडत हिंडतो. शेवटी पडद्याआडून एक जाणता चार श्लोक म्हणतो. पहिला 'स'नं सुरू होणारा, दुसरा 'से'नं, मग 'मि', मग 'रा'. दर श्लोकाला राजपुत्राच्या तोंडचं एकेक अक्षर गळत जातं आणि तो शुद्धीवर येतो. म्हणजे मुळात हा ससेमिरा कुणी बाहेरून लावलेला नव्हताच, स्वतःच्याच कृतघ्नपणाचा होता. आपण मराठीत तो उचलून दुसऱ्याच्या हाती दिला. चौकशीचा ससेमिरा लागला, असं आपण किती निरागसपणे म्हणतो!

जुन्या काळी वसुलीला फोन नव्हता, धरणं होतं. ज्याचं येणं थकलंय त्यानं देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं, आणि रीत अशी की तो उपाशी तर घरचा धनीही उपाशी. दारात कुणी मेला तर पाप माथी. १८६०च्या भारतीय दंडसंहितेला याची इतकी धास्ती होती की कलम ५०८मध्ये दैवी कोपाची भीती घालण्याचं उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसणारा माणूसच घेतलाय. २०२४मध्ये ती संहिता गेली, तोवर तो तिथं बसूनच होता. मामांच्या दारात असं बसावं का, हा विचार माझ्या मनात एकदा आला होता. पण त्यांच्या घरी आग्रह करून जेवायला घातलं असतं.

मला स्वतःला आवडतो तो 'माग'. पाठलागात दम लागतो, मागाला नजर लागते. पूर्वी गावात चोरी झाली की जागल्यानं, म्हणजे गावच्या राखणदारानं, पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग शीव ओलांडून गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. माझ्या मांडणीचा मागही असाच गेला. मामा म्हणाले प्लाय आलं नाही, प्लायवाला म्हणाला टेम्पो आला नाही, टेम्पोवाला म्हणाला माल कुणी भरूनच दिला नाही. टेम्पोवाल्याची शीव लागल्यावर मी परत फिरले.

आणि हेच चांगल्या कामासाठी केलं तर? इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८मध्ये निघाला आणि पुढे बावीस झाले. आज आपण त्याला ध्यास म्हणतो. ज्यांच्या माळ्यावर ती दप्तरं पडली होती त्यांनी दार उघडताना मनात कोणता शब्द योजला असेल? बहुधा 'खूळ'. बावीस खंड निघाले नसते तर आपणही तोच योजला असता.

एका प्रत्ययानं किती फरक पडतो पाहा. कुणी पाठीशी असलं की धीर येतो, पाठीस लागलं की धडकी भरते. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण, आणि तिच्या मागोमाग रुखवताचा हिशोब विचारत येतो तो मात्र कुणाला नको असतो.

तुळशीच्या लग्नानंतर मामा एकदाचे आले. दीड दिवसात मांडणी उभी. कडा अशा तासल्या होत्या की बोट फिरवावं तर कुठे अडत नाही. बाराशे रुपये राहिले होते. "आज फोनवरून जात नाहीयेत मामा, उद्या पाठवते," मी म्हटलं. "सावकाश द्या ताई," ते म्हणाले आणि हत्यारांची पिशवी उचलून गेले.

चार दिवसांनी सकाळी साडेनऊला फोन वाजला.

"ताई, सहज केला. तेवढं ते..."

"करतेच मामा. आत्ता बाहेर आहे, घरी पोचले की लगेच."

तेवढ्यात मागे कुकरची तिसरी शिट्टी झाली. ती त्यांना ऐकू गेली असणार.