तुम्ही विचारलेत म्हणून: गाडी गरम होते, इंजिन उघडायचे का?

जुनी मारुती 800 मी अजूनही घाटात नेतो हे कळले की साताऱ्यातले ओळखीचे लोक एकच विचारतात: आमचीही गाडी गरम होते, गॅरेजवाला हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधले सील) गेली म्हणतो, इंजिन उघडायला देऊ का? रस्त्यात उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराचा नंतर भलताच अर्थ लावला जातो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

गाडी नेमकी कुठे गरम होते, हे मी आधी विचारतो. लोकांना वाटते, मी टाळाटाळ करतो आहे. पण निम्मे निदान तिथेच होते. कराडपर्यंत हायवेने जाताना तापमानाचा काटा जागचा हलत नाही आणि पोवई नाक्याच्या गर्दीत किंवा यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना तो वर सरकतो, तर संशय आधी रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा, कारण वेगात असताना हवा आपोआप मिळते आणि सावकाश चढताना ती पंख्यालाच ओढावी लागते. उलट हायवेवरही तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले की नळ्यांत क्षार धरतात. इंजिन तापूनही वरचा होज पाइप गारच राहत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडत नसावा.

इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. ही गाडी वडिलांची. यवतेश्वरच्या घाटात एका वळणाच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ येऊ लागली, तेव्हा आई मागे बसलेली होती. वडिलांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, चाकाला दगड लावला, इंजिन पुरते गार होऊ दिले आणि पाणी घालून सावकाश खाली आणून गॅरेजात दिली. तिथे बॉनेट उघडताक्षणी निकाल लागला: गॅस्केट गेली. गॅस्केट गेल्याच्या खुणा म्हणाव्यात, तर ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा थर नव्हता, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का हे कोणी पाहिलेच नव्हते. मी तसे विचारले, तर "तुम्ही बाहेर बसा" असे उत्तर मिळाले. हेड उतरले, लेथवर घासून आले, नवी गॅस्केट बसली, वडिलांच्या पेन्शनमधले पैसे गेले आणि त्याच घाटात पुन्हा वाफ आली. मग दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने पाणी तापल्यावर पंखा चालू करणारा थर्मो स्विच वगळून पंख्याला बॅटरीवरून सरळ करंट दिला. पंखा फिरला. थर्मो स्विच गेलेला होता, आणि तो काही शे रुपयांत मिळाला. वडील तेव्हा काहीच बोलले नाहीत, पण पुढे घाटाचा रस्ता असला की ते एसटीने जाऊ लागले.

त्या रागात मी कित्येक वर्षे सर्वांना सांगत राहिलो, की इंजिनाला हात लावू देऊ नका. आज तसे सरसकट म्हणवत नाही. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकू शकते आणि मग गॅस्केट खरोखरच जाते. म्हणजे पंखा बंद पडल्यामुळे आमचीही गेली असणे शक्य आहे. काढलेली गॅस्केट मला दाखवली होती, ती काळी पडलेली होती. पण जुनी गॅस्केट काळीच दिसते. तो गॅरेजवाला निम्मा तरी बरोबर होता का, हे न तपासता उघडल्यामुळे आता कधीच कळणार नाही, आणि माझा राग आहे तो याचाच. सगळ्या गॅरेजवाल्यांवर तो नाही. गाडी आज चालते ती त्यांच्यातल्याच एकामुळे.

तेव्हा इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचे झाकण काढा. तापलेले असताना मुळीच नको, कारण दाबाखालचे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सैल होताच अंगावर उसळते. पाणी काठोकाठ भरून इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत असावा, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासायला सांगा. तीनपैकी शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील, तर हेड जरूर उघडा. आणि ते घासायला पाठवण्याआधी त्यावर सरळ पट्टी ठेवून, खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून, वाकले आहे का हे तुमच्यासमोर पाहायला लावा.