तुम्ही विचारलंत म्हणून: क्लाउडमुळे फोन बंद पडले का?

मी एका मोबाइल कंपनीत आहे. पोस्टपेडच्या बिलिंगची सिस्टीम आम्ही आमच्या डेटा सेंटरमधून क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या मशिन्सवर, हलवली आणि त्या रात्री घोळ झाला. तेव्हापासून प्रश्न दोन तोंडांनी येतो. आमच्या धंद्यातली माणसं विचारतात, "पुन्हा करायचं झालं तर क्लाउडवर न्याल का?" बाहेरची माणसं आडवळण घेत नाहीत. "तुमच्या त्या क्लाउडमुळेच लोकांचे फोन बंद पडले होते ना?" पहिल्यांना मी हसून "बघू" म्हणते, दुसऱ्यांना "इतकं सोपं नसतं हो ते" म्हणते, आणि दोन्ही वेळा नंतर स्वतःवरच चिडते. एकदाचं लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच हातात ठेवीन.

तर पहिली गोष्ट, फोन बंद पडले नव्हते. टॉवर चालू होते, इनकमिंग येत होतं, प्रीपेडवाल्यांना काही झाल्याचं कळलंही नाही. पोस्टपेडच्या काही ग्राहकांचं आउटगोइंग बार झालं, म्हणजे त्यांना फोन लावता येईना. किती, ते मी सांगणार नाही. सांगायची मुभा नाही, आणि खरं विचाराल तर इच्छाही नाही. "काही" हा शब्द मी किती सवयीनं वापरते, हे माझ्याही लक्षात आलंय.

प्रीपेड वाचलं, कारण त्याची चार्जिंग सिस्टीम आम्ही हलवलीच नव्हती. तुम्ही डेटा सुरू केलात की नेटवर्क चार्जिंगला विचारतं, याला किती देऊ? चार्जिंग शिल्लक बघून एक तुकडा मंजूर करतं, तो संपत आला की पुन्हा विचारणा. डायमीटर नावाच्या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या या विचारपुशीचे नियम 2005 च्या आरएफसी 4006 या इंटरनेट मानकात होते, 2019 मध्ये त्याची जागा 8506 नं घेतली. उत्तराला उशीर झाला तर एकतर ग्राहक अडकतो, नाहीतर फुकट सुटतो. म्हणून ती सिस्टीम नेटवर्कला खेटूनच राहू दे, हे मी भांडून ठरवून घेतलं होतं. मुद्दाम सांगते, कारण "बाई क्लाउडच्या नादी लागल्या होत्या" असं अजूनही बोललं जातं.

नादी लागले होते, हेही खरंच. जुलै 2019 मध्ये एटी अँड टी या अमेरिकन टेलिकॉम कंपनीनं जाहीर केलं की नेटवर्क सोडून बाकीची बहुतेक कामं आपण 2024 पर्यंत पब्लिक क्लाउडवर नेणार. ती बातमी मी दुसऱ्या दिवशी स्लाइडवर चिकटवली. एवढी मोठी कंपनी जातेय, आपण कोण लागून गेलो? शेजारी बचतीचा तक्ता होता. त्या तक्त्यात मी क्लाउडमधून बाहेर काढलेल्या डेटाचं भाडं धरलं नव्हतं, आणि शनिवार-रविवार कुणीच न वापरता चालू राहणारी टेस्टची मशिन्सही धरली नव्हती. स्वतःचा सर्व्हर रिकामा बसला तरी त्याचे पैसे एकदाच गेलेले असतात. इथे मीटर पळत असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. तक्ता सुंदर दिसत होता.

पण तक्ता सगळाच खोटा नव्हता. महिन्यातले मोजके दिवस बिल रन, म्हणजे सगळ्यांची बिलं बनवायचं काम, चालतो आणि मशिन्स घामाघूम होतात, बाकीचे दिवस तीच मशिन्स माशा मारतात. त्या मोजक्या दिवसांसाठी आम्ही बारा महिने लोखंड पोसत होतो. आता बिल रनच्या आदल्या रात्री ताकद वाढवतो, संपला की उतरवतो. पूर्ण आकाराची टेस्टची प्रत दोन दिवसांसाठी उभी करून मोडून टाकणं तर पूर्वी स्वप्नातही नव्हतं. याचं श्रेय मला कुणी देत नाही. असो.

आता ज्या टेबलामुळे, म्हणजे डेटाबेसातल्या तक्त्यामुळे, घोळ झाला ते. पोस्टपेडचं बिल बनण्याआधी मेडिएशन नावाचा टप्पा असतो. स्विच, म्हणजे कॉल जोडणारं नेटवर्कचं यंत्र, ठरावीक वेळानं कॉलच्या नोंदींची, म्हणजे सीडीआरची, एक फाइल लिहितो आणि तिला क्रमांक देतो. मेडिएशनचा कलेक्टर नावाचा प्रोग्राम ती उचलतो, मग तिचं डीकोडिंग होतं, आधी घेतलेली नोंद पुन्हा आली तर ती बाजूला पडते आणि उरलेलं रेटिंगकडे, म्हणजे कॉलची किंमत लावायला, जातं. उचललेली फाइल स्विच लगेच पुसत नाही. मागे काही हरवलं तर परत घेता यावी म्हणून काही दिवस ठेवतो. आमच्याकडे चार.

कुठल्या स्विचची कितवी फाइल शेवटची घेतली आणि कोणत्या नोंदी येऊन गेल्या, या दोन्ही गोष्टी जुन्या सिस्टीममध्ये एकाच टेबलात होत्या. त्या टेबलाचं नाव टीएमपीनं सुरू व्हायचं. कधीतरी कुणीतरी तात्पुरतं म्हणून बनवलं आणि ते तिथेच म्हातारं झालं. काय न्यायचं, काय नाही, याची आमची अकराशे ओळींची एक्सेल शीट होती. त्या ओळीवर शेरा आहे, "टेम्पररी. नको." पुढे माझी आद्याक्षरं.

जुनं मेडिएशन ज्यांनी वीस वर्षं सांभाळलं ते आमचे सीनियर त्या बैठकीला होते. म्हणाले, "मॅडम, हे टेबल एकदा बघून घ्या हं." मी म्हटलं, "अहो, टीएमपी आहे ते." ते गप्प बसले. आता सगळे त्यांना द्रष्टा ठरवतात आणि मला आंधळी. पण वीस वर्षांत त्या टेबलाबद्दल एक ओळ कागदावर लिहायला कुणी त्यांचा हात धरला होता का? "बघून घ्या" म्हणजे काय बघून घ्या? हे मी त्यांनाही बोलून दाखवलंय. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." त्यानं मला आणखीच वाईट वाटलं.

ड्राय रन, म्हणजे रंगीत तालमी, तीन झाल्या, तिन्ही पास. ड्राय रनला आम्ही फायली हातानं फोल्डरमध्ये टाकत होतो. खऱ्या स्विचला नवा कलेक्टर जोडायची परवानगी कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जायच्या, रात्रीच मिळणार होती.

शनिवारी रात्री 11 ला जुनं कलेक्शन थांबवलं. एक चाळीसला नवा कलेक्टर स्विचना जोडला. त्याच्याकडे शेवटचा क्रमांक नव्हता, म्हणून त्यानं सगळ्यात जुन्या फाइलपासून सुरुवात केली. आधी काय येऊन गेलं याची यादी कोरी, म्हणून त्याला प्रत्येक नोंद नवीन. चार दिवसांचे कॉल दुसऱ्यांदा रेट होऊ लागले. आम्हाला दिसत काय होतं? मोठ्या स्क्रीनवर एक हिरवी रेघ, सरळ वर चढणारी. जुन्या मशीनला तासाला जेवढ्या नोंदी जमायच्या त्याच्या कितीतरी पट. वॉर रूममध्ये टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या. कुणीतरी स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकला, वरून अंगठे आले. मी खाली लिहिलं, "याला म्हणतात क्लाउडची ताकद." तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. पुसायची मुदत तेव्हाच निघून गेली.

सीनियर कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "रात्री दोन वाजता इतके कॉल कोण करतंय?"

"बॅकलॉग आहे, सर. अकरापासून साठलेला," मी म्हटलं.

"तीन तासांचा एवढा?"

या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. ऐकला नव्हता असं मी चौकशीत सांगितलं. ऐकला होता. त्याच वेळी सगळ्या टीम जोडलेल्या ब्रिज कॉलवर डेटाबेसवाले काहीतरी विचारत होते, वेगळंच काहीतरी किरकोळ, आणि मला ते उत्तर येत होतं. जे येत होतं ते दिलं.

पाच वाजता परतीचा दरवाजा बंद होणार होता. त्यानंतर रोलबॅक करायचा, म्हणजे जुन्या सिस्टीमवर परतायचं, तर नव्या बाजूला लिहिलं गेलेलं सगळं उलटं न्यावं लागलं असतं. साडेचारला एकेक टीम "गो" म्हणत गेली, शेवटी मी. सहा वाजता क्रेडिट लिमिटचा नेहमीचा जॉब आपोआप चालू झाला. ज्यांची न भरलेली रक्कम मर्यादेबाहेर त्यांचं आउटगोइंग बार, एवढंच त्याचं काम. चोख केलं त्यानं. सात दहाला कॉल सेंटरहून पहिला फोन आला.

पुढचं लवकर सांगते. तो जॉब थांबवायला लागली दोन मिनिटं, तो थांबवायचा अधिकार कुणाचा हे ठरायला चाळीस. दुबार नोंदी बॅच नंबरवरून शोधून उलटवल्या. बिलं छापली जायच्या आत रकमा जागेवर आल्या, कुणाचा एक पैसाही जास्त गेला नाही. हे वाक्य मी फार वेळा म्हटलंय आणि ते अक्षरशः खरं आहे.

आठवड्यानंतरच्या बैठकीत कॉल सेंटरची काही रेकॉर्डिंग ऐकवली. बार झालेल्या फोनवरूनही कस्टमर केअर लागतं. एक बाई, आवाजावरून वयस्कर. "बिल भरलंय मी. पावतीचा नंबर सांगते, लिहून घ्या." आणि एकेक आकडा सुटा सुटा, मध्ये थांबून, समोरचा लिहितोय या समजुतीनं. मुलगा लिहीत नव्हता, की-बोर्डचा आवाजच नव्हता. आकडे संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुमची लिमिट संपलीय. चार दिवसांत तुमचे कॉल खूप झालेत." ती जरा थांबली. म्हणाली, "अहो, इतकं बोलायला मला आहे कोण?"

पुढचं रेकॉर्डिंग कशाचं होतं ते मला आठवत नाही.

कुणी कुणी टीएसबीचा दाखला देतात. ब्रिटनमधली ती बँक, एप्रिल 2018, जवळपास 52 लाख ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारी नव्या सिस्टीमवर नेली आणि लोक आपल्याच खात्याबाहेर अडकले. डिसेंबर 2022 मध्ये दोन नियामकांनी मिळून 4 कोटी 86.5 लाख पौंडांचा दंड केला. "तुमचंही तसंच ना?" तसं नाही. तिथे माहिती नीट पोचली आणि ती पेलणारी सिस्टीम कोसळली. आमच्याकडे सिस्टीम दृष्ट लागावी अशी पळत होती. कदाचित म्हणूनच. जुन्या मशीनवर हाच घोळ झाला असता तर ती पहाटेपर्यंत धापा टाकत राहिली असती, चार दिवसांच्या फायलींपैकी अर्ध्याही उरकल्या नसत्या, आणि कुणीतरी विचारलं असतं, अडकलंय काय? नव्या मशीननं आमची चूक चार तासांत पूर्ण करून दाखवली.

मग क्लाउडमुळे झालं का? चौकशीत मी "नाही" म्हटलं. टेबल मागे राहिलं, ते तळघरातल्या दुसऱ्या सर्व्हरवर गेलो असतो तरी मागे राहिलंच असतं. पण टेस्टच्या दोन आठवड्यांचा एक आठवडा झाला, तो का? जुन्या डेटा सेंटरच्या कराराची मुदत संपत होती आणि दोन्हीकडचं भाडं भरायचं नव्हतं. ती बचत माझ्याच तक्त्यात होती. म्हणजे पुन्हा "नाही" म्हणताना आवाज जरा खाली येतो.

पुन्हा नेईन का? नेलंच की. त्यानंतर दोन सिस्टीम नेल्या, दोन्ही वेळा नावात टीएमपी असो की आणखी काही, प्रत्येक टेबल उचलून नेलं. नको असलेलंही. हे शहाणपण आहे की भीती, ते मला सांगता येत नाही. स्टोरेजचं बिल फुगलंय. या महिन्यात फायनान्सचा मेल आला, सोबत यादी जोडलेली: ही तात्पुरती टेबलं अजून का ठेवली आहेत, कृपया ओळीनिहाय कारण द्यावे. तीनशे बारा ओळी आहेत. मी नवव्या ओळीवर आहे.