‘खात्री आहे का?’

आमच्या ॲपमध्ये नोंद पुसण्याआधी एक चौकट यायची. तिच्यात एवढंच लिहिलेलं असायचं: ‘खात्री आहे का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं. ती चौकट मीच लिहिली होती. दोन मिनिटांचं काम. असल्या चौकटी आजवर मी किती लिहिल्या असतील त्याची गणती नाही. मार्चमधल्या एका सकाळी नागपूरच्या कळमना बाजारात या तीन शब्दांनी एका शेतकऱ्याचं क्रेटसकट ३८४ किलो संत्रं ॲपच्या हिशोबातून नाहीसं केलं. ते होत असताना मी हातभर अंतरावर उभी होते.

ॲप अडतीतल्या तोलासाठी होतं. काट्यावर क्रेट चढले की मापाऱ्यानं फोनवर वजन टाकायचं, क्रेटची संख्या टाकायची, रिकाम्या क्रेटचं वजन आपोआप वजा होणार आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात तयार हिशोबपट्टी. कागदावर सोपं होतं. आयटी पार्कातल्या आमच्या ऑफिसात त्याची चाचणीही झाली होती. पाच जणांना फोन दिला, कामं सांगितली आणि कोण कुठं अडतं ते पाहिलं. दोघं अकाउंट्समधले, दोन इंटर्न आणि एक शेजारच्या टीममधली. सगळ्यांनी सगळी कामं पूर्ण केली. एका इंटर्नला तेवढं नोंद पुसण्याचं चिन्ह क्षणभर कळलं नाही.

आमच्याकडे वापरसुलभतेच्या चाचण्या घेणारी एक सहकारी आहे. तिनं अहवालात त्या अडखळण्याची तीव्रता ३ लिहिली. हे मोजमाप शून्य ते चार असतं: शून्य म्हणजे अडचणच नाही, चार म्हणजे हे सुधारल्याशिवाय बाहेर सोडायचंच नाही. मी तिच्याशी वाद घालून त्या ३ चे २ करून घेतले. माझा मुद्दा असा की नोंद पुसायला आधी ती ओळ दाबून धरावी लागते, मग वर चिन्ह येतं, मग चौकट विचारते. तीन दारं आहेत. चुकून तीन दारं कोण ओलांडेल? वर तिला निल्सन आणि लँडाउअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांचं १९९३ चं गणितही ऐकवलं: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, पाच जणांपर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास पोचतो. आपण पाच जण घेतले होते.

ती म्हणाली, “पाच घेतले गं, पण कोणते पाच? यातल्या एकानं तरी कधी संत्रं तोललंय का?”

म्हणून आम्ही कळमन्याला गेलो. मृग बहाराचा माल होता; काटोल, नरखेड, वरुडकडच्या गाड्या पहाटेपासून लागलेल्या. हर्रास आटोपली होती आणि काट्याभोवती घाई सुरू झाली होती. उन्हात फोनचा स्क्रीन आरशासारखा दिसत होता, त्यात आपलंच तोंड आधी दिसायचं. ज्या अडत्यानं परवानगी दिली होती त्याच्याकडचे मापारी काका पन्नाशीचे असतील. त्यांची नेहमीची वही मुनीमजी लिहितच राहणार होते, त्यामुळे आमच्या ॲपमुळे कुणाचं नुकसान होणार नव्हतं. तसं ठरवूनच गेलो होतो.

अशा चाचणीत समोरच्यानं मनात येईल ते बोलत काम करायचं असतं. आयबीएममधल्या क्लेटन लुइसनं १९८२ मध्ये ही पद्धत वापरसुलभतेच्या कामात आणली. आणि आपण बोलायचं नसतं. मदत करायची नाही, इशारा करायचा नाही, चेहऱ्यावरही काही येऊ द्यायचं नाही. ज्यानं ते ॲप स्वतः लिहिलंय त्याला हे फार जड जातं.

पहिला तोल झाला. हमालानं चार क्रेट काट्यावर ठेवले. काकांनी मोठ्यानं आकडा पुकारला, “शहाण्णव चारशे!” मुनीमजींनी वहीत घातला, शेतकऱ्यानं आपल्या चिठ्ठीवर पेन्सिलनं घातला, आणि काकांनी फोनवर ९६.४ टाकलं. यादीत ओळ उमटली. आता क्रेटची संख्या टाकायला त्या ओळीवर बोट टेकवायचं होतं.

काकांनी अंगठा ठेवला. त्या अंगठ्याकडे मी अजूनही मनात पाहू शकते: नखाच्या कडेला माती, टोकाची कातडी वाळलेल्या सालीसारखी टणक. त्यांनी तो टेकवला नाही, दाबला. जोर देऊन, मान किंचित पुढं करून. त्यांच्या काट्याचं बटण तसंच दाबावं लागतं, नाहीतर घेत नाही, आणि वर्षानुवर्षं ते तेच दाबत आलेत. फोनला जोर कळत नाही, त्याला फक्त वेळ कळतो. अर्ध्या सेकंदाच्या आसपास बोट राहिलं की तो ‘दाबून धरलं’ असं समजतो. ओळ निळी झाली. वर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह आलं.

“हां, हे क्रेट,” काका म्हणाले, आणि ते दाबलं.

चौकोनी खोकं, त्यावर उभ्या रेघा, वर झाकण. त्यांच्या पायाशी तसल्याच उभ्या रेघांच्या क्रेटची थप्पी लागलेली होती. मला त्या क्षणी ते चिन्ह क्रेटच दिसलं आणि त्यानंतर पुन्हा कधी डबा दिसलं नाही.

चौकट आली. काकांनी मोठ्यानं वाचलं, “खात्री आहे का?” मग ‘हो’ दाबलं. ओळ गेली. “झालं,” ते म्हणाले आणि पुढच्या चार क्रेटना हाक दिली.

मी तोंड उघडणार होते. सहकारीनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. तसेच आणखी तीन तोल झाले. ९४.८. ९७.२. ९५.६. प्रत्येक वेळी अंगठा, क्रेट, खात्री, हो. ज्या तीन दारांचा मी ऑफिसात हवाला दिला होता ती तिन्ही दारं काका चार वेळा न अडखळता ओलांडून गेले. एकदा तर वजन नीट दिसेना म्हणून त्यांनी फोन तिरपा करून पाहिला, तेव्हा पुढचे दोन क्रेट डोक्यावर घेऊन एक हमाल तसाच थांबून होता. त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या. ऑफिसात आम्ही घड्याळ लावून सेकंद मोजले होते, पण ते सेकंद असे कुणाच्या डोक्यावर असतात हे मला माहीत नव्हतं.

मग सहकारीनं शांतपणे विचारलं, “काका, आतापर्यंत किती तोल झाले?”

“चार.”

“जरा दाखवता का?”

स्क्रीनवर लिहिलं होतं: एकही नोंद नाही.

काकांनी फोन माझ्याकडे केला. “कोठी गेले जी? मी तं टाकले ना बराबर.” मग सावकाश सांगू लागले, “क्रेटचं दाबलं. त्यानं इचारलं खात्री हाय का. आता मी मापारी आहो, मले वजनाची खात्री नाही राहीन तं कोणाले राहीन? हो म्हणलं. मंग ते गेलं. म्हणलं, जमा झालं.” आणि थोडं थांबून, “चुकलं का माह्यं काही?”

“नाही काका,” मी म्हणाले. “आमचं चुकलं.” माझा आवाज बसला होता.

हे चुकणं नुसतं शब्दाचं नव्हतं, म्हणून मला ते इतकं लागलं. ज्या माणसाचा सबंध धंदाच वजनाची खात्री देण्याचा आहे त्याला आम्ही विचारलं, खात्री आहे का, आणि त्याच्या प्रामाणिक उत्तरावर त्याचंच काम पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझ्याकडे अहवाल नव्हता. सहकारीनं काकांच्या परवानगीनं घेतलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ होता, त्यात नुसता हात, स्क्रीन आणि आवाज. आधी टीममधून तेच आलं जे महिनाभरापूर्वी मीसुद्धा म्हटलं असतं: प्रशिक्षण देऊ, माहितीचा व्हिडिओ बनवू, सवय होईल. व्हिडिओ संपला, ‘चुकलं का माह्यं’ ऐकू आलं आणि त्यानंतर प्रशिक्षणाचा विषय कुणी काढला नाही. अहवालात हेच एका ओळीत असतं, ‘चिन्ह समजले नाही, तीव्रता २’, आणि त्या ओळीशी भांडता येतं. त्या आवाजाशी भांडता येईना. मी स्वतः २ खोडून ४ केले.

मात्र लोक म्हणतील ते सगळं करायचं असंही नाही. मुनीमजींनी सांगितलं होतं की वहीचं सबंध पान, सगळे रकाने, फोनवर जसंच्या तसं दिसलं पाहिजे. ते आम्ही केलं नाही. त्यांना हवं होतं ते दिवसभराचा मेळ पाहणं, आणि त्यासाठी दुकानातला संगणक होता. माणूस काय मागतो ते ऐकावं, पण त्याचा हात काय करतो त्याकडे जास्त लक्ष द्यावं, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे.

बदल केले. दाबून धरण्याचा प्रकारच काढून टाकला. हलकं टेकवा की जोरात दाबा, एकच अर्थ. बटणं अँड्रॉइडच्या मार्गदर्शनातल्या ४८ डीपीवर, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरवर, अगदी काठावर बसवली होती. ती दुप्पट केली. वजन आणि क्रेट एकाच पडद्यावर आणले. डब्याचं चिन्ह गेलं, तिथं शब्द आला, ‘खोडा’. आणि चौकट आता विचारू लागली: ‘९६.४ किलोची नोंद खोडायची?’ खाली ‘खोडा’ आणि ‘राहू द्या’.

मला वाटलं, झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा कळमन्याला गेलो. काकांनी बारा तोल सलग टाकले, एकही अडखळ नाही. शेवटी सहकारीनं मुद्दाम सांगितलं, “एक वजन चुकलंय असं धरा आणि खोडून दाखवा.”

काकांनी खोडलं. ओळ नाहीशी झाली. त्यांनी स्क्रीन वर-खाली करून शोधलं. “खोडलेलं दिसत नाही?”

“खोडलं ना काका, गेलं,” मी न राहवून बोलले.

ते काही न बोलता मुनीमजींची वही घेऊन आले आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. एका आकड्यावर एकच आडवी रेघ होती, खालचा आकडा स्वच्छ वाचता येईल अशी. शेजारी नवा आकडा आणि बारीक सही. “असं खोडते,” ते म्हणाले. “गिचमिड नाही कराची, पान नाही फाडाचं. शेतकऱ्यानं चिठ्ठीवर पयला आकडा लिवला असते. तो मंग इचारते, हा कोठी गेला?”

ऑफिसात परतताना गाडीत मी गप्प होते. हे बटणाचं काम नव्हतं. आमच्या डेटाबेसात पुसणं म्हणजे ओळ काढून टाकणं होतं आणि त्यावर हिशोब, पट्टी, रोजची बेरीज असं बरंच काही उभं होतं. ते बदलायचं म्हणजे पायापासून हात घालायचा: कुठलीच नोंद पुसायची नाही, दुरुस्ती ही नवी नोंद, जुनीला रेघ, सोबत वेळ आणि करणाऱ्याचं नाव. दोन आठवड्यांचं काम तीनवर गेलं. बॅकएंड पाहणारा आमचा मित्र आधी वैतागला. मग मी त्याला वहीच्या त्या पानाचा फोटो दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हे तर आपण सुरुवातीलाच करायला पाहिजे होतं.”

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बहार सरत आला होता आणि ऊन अंगावर येत होतं. या वेळी चूक मुद्दाम करायला लागली नाही. गडबडीत काकांनी ९८.६ च्या जागी ८९.६ टाकलं, लगेच त्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी ‘खोडा’ दाबलं. स्क्रीनवर ८९.६ वर एक आडवी रेघ आली, खाली ९८.६, शेजारी वेळ. शेतकरी पेन्सिल घेऊन काट्याच्या पलीकडे उभा होता. काकांनी स्वतःहून फोन फिरवून त्याच्यासमोर धरला. त्यानं डोळे बारीक करून दोन्ही आकडे वाचले, चिठ्ठीवरच्या आपल्या आकड्यावर तशीच एक रेघ मारली आणि बाजूला ९८.६ लिहिलं.

“चालू द्या,” तो म्हणाला, आणि हमालानं पुढचे क्रेट काट्यावर ठेवले.