९० जीबीचा पोपट

दोन रात्री डाउनलोड लावून, आज सुट्टी टाकून नवा गेम उघडला. पहिल्याच पुलावर हिरोचा घोडा कमरेपर्यंत दगडात रुतला. शेपूट तेवढी हलतेय! ट्रेलरमध्ये काय उधळला होता. धाकटा म्हणतो, "दादा, दुतोंड्या मारुती झालाय. कमरेला पाणी लागलं बघ." (आमच्या नाशिकला गोदावरीचा पूर या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात.)

वैतागून कॉलेज रोडला मिसळ खायला गेलो. तिथे मित्राने अटारी या जुन्या गेम कंपनीचं पुराण लावलं. त्यांचा १९८२ चा 'ई.टी.' गेम म्हणे जेमतेम पाच आठवड्यांत उरकला. न खपलेली गेमची कार्ट्रिजेस न्यू मेक्सिकोत कचऱ्यात पुरली, २०१४ मध्ये लोकांनी ती पुन्हा उकरली! (हौस बघा.)

माझ्याकडे पुरायला साधी डिस्कपण नाही.

घरी आलो. घोडा तिथेच.