डिस्टनची जुनी करवत: वय शोधण्यापासून धार लावण्यापर्यंत

फिलाडेल्फियाच्या आसपास भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारांत हेन्री डिस्टन अँड सन्स या कंपनीच्या हातकरवती अजूनही सहज मिळतात. अशी एक गंजलेली करवत मी घेतली आणि तिला हात लावण्यापूर्वी ती साधारण कधीची आहे हे ठरवायचे असे योजले, कारण किती घासायचे आणि काय राखायचे हे त्यावरच अवलंबून होते.

सुरुवात मुठीवरच्या पितळी बिल्ल्यापासून केली. हेन्री डिस्टन यांचा जन्म 1819 साली इंग्लंडमधील ट्यूक्सबरी येथे झाला. 1833 मध्ये ते वडिलांबरोबर फिलाडेल्फियाला आले, वडील तीनच दिवसांत वारले, आणि करवती बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केल्यावर 1840 मध्ये डिस्टन यांनी स्वतःचा धंदा मांडला. थोरला मुलगा हॅमिल्टन 1865 मध्ये भागीदार झाल्यावर नावाला 'अँड सन' जोडले गेले आणि 1871 मध्ये त्याचे 'अँड सन्स' झाले. (याच हॅमिल्टन यांनी 1881 मध्ये फ्लोरिडातील 40 लाख एकर जमीन एकरी 25 सेंटने विकत घेतली, करवतीच्या पैशाची ही मजल मला आजही थक्क करते.) माझ्या बिल्ल्यावर 'सन्स' होते. शिवाय पात्याचे मागचे टोक मुठीच्या खाचेत बसवलेले आणि पात्याची पाठ आत वळलेली, ही ठेवण डी-8 या नमुन्याची, आणि तो 1874 चा. म्हणजे करवत त्यापूर्वीची नव्हती.

गंज काढताना पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून, रॉकेल लावत, फक्त पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवला. मधल्या भागात दाब अगदी हलका ठेवला, कारण कंपनीचे नाव तिथे आम्लाने उथळ कोरलेले असते आणि जोर लावला की ते कायमचे जाते. अक्षरे हळूहळू उमटली.

पाते स्वच्छ झाल्यावर सूक्ष्ममापकाने जाडी मोजली. दातांकडे ते जाड होते, पाठीकडे आणि टोकाकडे पातळ होत गेले होते. डिस्टन यांच्या यशाचे मर्म मला जाहिरातींपेक्षा या मापात दिसते. इंग्लंडच्या शेफील्डहून येणाऱ्या पोलादावर विसंबून न राहता त्यांनी 1855 मध्ये स्वतःच्या कारखान्यात पोलाद वितळवायला सुरुवात केली. 1872 पासून कारखाना डेलावेअर नदीकाठच्या टॅकोनी येथे हलू लागला, तेव्हा तिथे कानशीही बनू लागल्या आणि कामगारांसाठी घरेही उभी राहिली. त्या वस्तीत दारूविक्रीला मात्र मज्जाव होता.

दातांचे काम सर्वांत वेळखाऊ ठरले. मुठीजवळ पात्यावर 8 हा आकडा ठोकलेला होता. तो एका इंचातील टोकांची संख्या सांगतो, आणि दोन्ही कडांची टोके धरून मोजतात म्हणून दात 7 भरतात. आधी चपटी कानस दातांच्या माथ्यावरून फिरवून सगळी टोके एका रेषेत आणली. मग तिकोनी कानशीने खाचा खोल करून दातांना आकार दिला, एकाआड एक दात डावी-उजवीकडे वाकवले, तेही फक्त वरच्या भागात, कारण मुळापासून वाकवल्यास दात तुटतो. पाठीकडे पातळ असलेले पाते लाकडात अडकत नाही, त्यामुळे ही वाक अगदी थोडी पुरली. शेवटची धार लावताना कानस पात्याशी काटकोनात न धरता थोडी तिरकी धरली, कारण ही करवत आडव्या कापाची आहे. उभे चिरण्याच्या करवतीसाठी कानस सरळ धरावी लागते.

मूठ उघडून पुसली, जवसाच्या तेलाचे पातळ थर दिले आणि नट हाताच्या जोरानेच आवळले. कुटुंबाने कंपनी 1955 मध्ये एच. के. पोर्टर या कंपनीला विकली, त्यामुळे सुटे भाग हवे असल्यास ते दुसऱ्या जुन्या डिस्टनवरूनच काढावे लागतात. मला एकच नट बदलावा लागला.